एका बेस टेम्प्लेटची फोड: जँगोतील पानांच्या मांडणीचे एक प्रकरण

परिस्थिती

या प्रकरणातील संकेतस्थळ मध्यम आकाराचे होते. त्यावर सर्वांसाठी खुले असलेले लेख, विषयवार याद्या आणि शोधाचे पान होते. नोंदणी केलेल्या सदस्यांसाठी स्वतंत्र विभाग होता. प्रत्येक लेखाची छपाईयोग्य आवृत्ती होती. शिवाय प्रवेश, नोंदणी, पासवर्ड बदलणे अशी फॉर्मची काही पाने होती. हे सर्व जँगो या पायथनमधील फ्रेमवर्कवर उभारलेले होते आणि सारी पाने एकाच बेस टेम्प्लेटवर, म्हणजे पानांच्या सामायिक साच्यावर, बेतलेली होती. सुरुवातीला ही रचना योग्यच होती. केवळ लेख आणि याद्या असताना शीर्षपट्टी, बाजूपट्टी, मुख्य मजकूर आणि तळपट्टी असा एकच आराखडा पुरत होता, आणि एका आराखड्याला एक बेस टेम्प्लेट यात वावगे काही नव्हते. अडचण नंतरच्या वाढीत होती. नवा विभाग आला की त्याचे वेगळेपण बेस टेम्प्लेटमध्येच एका अटीच्या रूपाने लिहिले गेले, आणि त्या अटीचा निकाल व्ह्यूने (विनंती हाताळून पानाला माहिती पुरवणाऱ्या कोडने) पाठवलेल्या फ्लॅगवर, म्हणजे होय-नाही खुणेवर, सोपवला गेला.

असे पाच फ्लॅग साचले होते. बाजूपट्टी लपवावी काय, मजकूर पूर्ण रुंदीत दाखवावा काय, हे छपाईचे पान आहे काय, हा सदस्य विभाग आहे काय आणि घोषणापट्टी दाखवावी काय, असे ते पाच प्रश्न होते. पाच होय-नाही प्रश्नांच्या एकूण ३२ जुळण्या होतात. प्रत्यक्षात मात्र संकेतस्थळावर वेगळ्या म्हणता येतील अशा मांडण्या चारच होत्या. उरलेल्या जुळण्यांना काहीही अर्थ नव्हता, तरीही बेस टेम्प्लेट त्या प्रत्येकीसाठी काही ना काही एचटीएमएल तयार करून देत होते आणि कुठेही त्रुटी दाखवत नव्हते. त्यातच काही फ्लॅग नकारार्थी होते आणि काही होकारार्थी. ‘लपवा’ म्हणणारा फ्लॅग पाठवायला एखादा व्ह्यू विसरला तर तो भाग दिसत असे, ‘दाखवा’ म्हणणारा विसरला तर दिसत नसे; त्यामुळे विसरण्याचा परिणाम काय होईल हे प्रत्येक फ्लॅगपुरते वेगळे लक्षात ठेवावे लागे.

प्रकरण ऐरणीवर आले ते एका साध्या मागणीमुळे. नोंदणी आणि प्रवेश यांच्या पानांवर वाचकाचे लक्ष विचलित होऊ नये म्हणून बाजूपट्टी, शोधपेटी आणि मार्गदर्शक दुवे काढून केवळ बोधचिन्ह आणि फॉर्म एवढेच ठेवावे, अशी ती मागणी होती. सहावा फ्लॅग जोडणे हा जवळचा रस्ता होता. तो घेण्यापूर्वी बेस टेम्प्लेटमधील अटी कागदावर उतरवून पाहिल्या तेव्हा दिसले की बाजूपट्टीची अट आधीच तीन फ्लॅगांच्या संयोगावर अवलंबून होती, शोधपेटीची अट त्यांपैकी दोहोंवर होती, आणि मुख्य मजकुराकडे थेट नेणारा दुवा अशाच एका अटीच्या आत अडकल्यामुळे सदस्य विभागात कधीच उमटत नव्हता. कीबोर्डवर किंवा स्क्रीन रीडरवर विसंबून असलेल्या वाचकासाठी हा दुवा फार महत्त्वाचा असतो. वारंवार येणारे भाग ओलांडून जाण्याची सोय असावी, ही डब्ल्यूसीएजी या संकेतस्थळांच्या सुगम्यतेविषयीच्या मार्गदर्शक तत्त्वांची सर्वांत प्राथमिक पातळीवरील अपेक्षा आहे.

मौनाने झालेला बिघाड

जँगोच्या टेम्प्लेट भाषेचा एक गुणधर्म इथे समजून घेणे आवश्यक आहे. कॉन्टेक्स्टमध्ये, म्हणजे टेम्प्लेटला पुरवलेल्या माहितीत, नसलेले चल टेम्प्लेटमध्ये वापरले तर जँगो अपवाद (काम थांबवणारी त्रुटी) उभा करत नाही. त्याच्या जागी रिकामी अक्षरमाला ठेवतो. हे वर्तन बदलण्यासाठी एक सेटिंग आहे, ज्यात रिकाम्या अक्षरमालेऐवजी ठळक दिसणारा एखादा मजकूर देता येतो, आणि शोधमोहिमेपुरते ते सेटिंग वापरूनही पाहिले गेले. परंतु ‘इफ’, ‘फॉर’ आणि ‘रीग्रुप’ या टॅगांच्या आत अज्ञात चल आले तर त्याची किंमत सरळ ‘नन’ (काहीच नाही) धरली जाते आणि ते सेटिंग तिथे लागू होत नाही. म्हणजे ज्या जागी फ्लॅग वापरले जात होते नेमकी तीच जागा या तपासणीच्या कक्षेबाहेर होती. फ्लॅगच्या नावात एखादे अक्षर चुकले तरी पान बिनतक्रार उभे राहणार, फक्त चुकीच्या मांडणीत. टेम्प्लेटने अभ्यागतासमोर कोसळू नये हा विचार मला मान्य आहे; मात्र मांडणीसारखा पायाभूत निर्णय अशा क्षमाशील जागी ठेवणे शहाणपणाचे नाही.

तपासणीत आणखी दोन गोष्टी हाती लागल्या, आणि दोन्हींचा संबंध बेस टेम्प्लेटवरील अतिविश्वासाशी होता.

पहिली गोष्ट ५०० क्रमांकाच्या त्रुटीपानाची. सर्व्हरमध्ये न हाताळलेला अपवाद उद्भवला की जँगोचा मूळ व्ह्यू त्या पानाला जाणीवपूर्वक रिकामा कॉन्टेक्स्ट देतो, जेणेकरून त्रुटी दाखवता दाखवता दुसरी त्रुटी होण्याची शक्यता कमी व्हावी. पानांच्या कॉन्टेक्स्टमध्ये सामायिक माहिती घालणारे कॉन्टेक्स्ट प्रोसेसर तिथे चालत नाहीत. पत्ता सापडला नाही असे सांगणाऱ्या ४०४ च्या पानाचे तसे नाही. त्याला विनंतीसह भरलेला कॉन्टेक्स्ट मिळतो. या संकेतस्थळावर दोन्ही पाने एकाच बेस टेम्प्लेटवर होती. त्यामुळे ५०० च्या पानावर विषययादीची रिकामी चौकट दिसत असे आणि प्रवेश केलेल्या सदस्यालाही पुन्हा ‘प्रवेश करा’ हाच दुवा दाखवला जाई. त्याहून गंभीर शक्यता अशी होती की तळपट्टीतील एक टॅग स्वतः डेटाबेसकडे विचारणा करत होता. डेटाबेस बंद पडल्यामुळेच त्रुटी आली असेल तर त्रुटीचे पान उभे करतानाही तोच अपवाद पुन्हा उद्भवला असता.

दुसरी गोष्ट पासवर्ड बदलण्याच्या पानाची. ते पान संकेतस्थळाच्या रूपात न दिसता जँगोच्या प्रशासन विभागाच्या रूपात दिसत होते, आणि त्यासाठीचे टेम्प्लेट लिहिलेले असूनही ते वापरले जात नव्हते. कारण शोधक्रमात होते. ॲपच्या फोल्डरांतून टेम्प्लेट शोधताना जँगो सेटिंगमधील ॲपच्या यादीचा क्रम पाळतो आणि पहिले सापडलेले टेम्प्लेट उचलतो. प्रशासन विभागाच्या ॲपसोबत पासवर्ड बदलण्याची आणि पुन्हा मिळवण्याची टेम्प्लेटे ‘रजिस्ट्रेशन’ याच फोल्डरनावाखाली येतात, आणि यादीत ते ॲप आधी होते. प्रकल्पाच्या पातळीवरील टेम्प्लेट फोल्डर ॲपच्या फोल्डरांआधी तपासले जाते. म्हणून ही टेम्प्लेटे तिथे हलवताच प्रश्न मिटला. बाकीच्या ॲपमध्ये टेम्प्लेट फोल्डराच्या आत ॲपच्याच नावाचे उपफोल्डर ठेवण्याचा सर्वपरिचित संकेत पाळला गेला आणि या विषयावर आणखी वेळ घालवला गेला नाही.

विभागणी कशावरून करावी

पुढचा प्रश्न रचनेचा होता. एक प्रस्ताव असा होता की वारसा, म्हणजे एका टेम्प्लेटने दुसऱ्यावर बेतलेले असणे, सोडून द्यावा. प्रत्येक पान स्वतंत्र लिहावे आणि शीर्षपट्टी, तळपट्टी यांसारखे तुकडे ‘इन्क्लूड’ टॅगने आत घ्यावेत. या पद्धतीत प्रत्येक पानाला पूर्ण स्वातंत्र्य मिळते. पण मग डॉक्टाइप, भाषा सांगणारा गुणधर्म, ‘हेड’मधील मेटा टॅग हे सर्व प्रत्येक पानात पुन्हा लिहावे लागते, किंवा मग शीर्षपट्टीच्या तुकड्यात एखादा घटक उघडून तळपट्टीच्या तुकड्यात तो बंद करावा लागतो. दुसऱ्या प्रकारात दोन्ही फाइली एकेकट्या पाहिल्या तर अपुऱ्या आणि अवैध एचटीएमएल असतात आणि त्यांची जोडी जुळते की नाही हे कोणतेही साधन सहज सांगू शकत नाही. हा प्रस्ताव मागे पडला.

वारसा ठेवायचा, पण थरांमध्ये, यावर एकमत झाले. जँगोच्या दस्तऐवजांतही तीन थरांची सूचना आहे: सर्व संकेतस्थळासाठी एक बेस, प्रत्येक विभागासाठी एक बेस आणि त्याखाली प्रत्येक पानाचे टेम्प्लेट. मतभेद झाला तो मधल्या थराविषयी. सुरुवातीचा आराखडा दिसण्याच्या सारखेपणावर आधारलेला होता, म्हणजे डावीकडे पट्टी असलेली सर्व पाने एका मांडणीखाली आणि पट्टी नसलेली सर्व पाने दुसऱ्या मांडणीखाली. तो पाहताक्षणी पटतो, आणि माझ्या मते त्यातच त्याचा धोका आहे.

विषययादीचे पान आणि सदस्याचे मुख्य पान ही दोन्ही डाव्या पट्टीची पाने होती आणि पडद्यावर जवळजवळ सारखी दिसत. पण खुल्या पानाच्या पट्टीत विषयांची यादी होती; ती संपादक विषय जोडत किंवा काढत तेव्हा बदले, आणि सर्व वाचकांना ती एकसारखीच दिसे. सदस्य विभागाच्या पट्टीत त्या त्या सदस्याच्या अधिकारांनुसार येणारे दुवे होते. ती अधिकारांची व्यवस्था बदलली की बदले, आणि प्रत्येकाला वेगळी दिसे. या दोन पट्ट्या एका टेम्प्लेटमध्ये ठेवल्या म्हणूनच ‘हा सदस्य विभाग आहे काय’ हा फ्लॅग जन्माला आला होता. याच्या अगदी उलट उदाहरण लेखाचे पान आणि त्याची छपाईची आवृत्ती यांचे होते. दिसायला ती दोन पाने पूर्णपणे वेगळी होती, म्हणून त्यांना वेगळ्या वाटा दिल्या गेल्या होत्या. पण त्यांतील मजकूर एकच होता आणि लेखात तळटीपेची सोय आली की ती दोन ठिकाणी जोडावी लागे.

म्हणून निकष बदलला. दोन पाने एका मांडणीखाली ठेवायची की नाही हे ती सारखी दिसतात यावरून ठरवायचे नाही, तर ती एकाच कारणाने बदलतात काय यावरून ठरवायचे. दिसण्यातील सारखेपणा सीएसएसने (पानाचे रूप ठरवणाऱ्या नियमांनी) सांभाळावा; दोन वेगळ्या टेम्प्लेटांना एकच क्लास देऊन एकसारखे रूप देणे सोपे असते. एका टेम्प्लेटला दोन कारणांनी बदलायला लावणे मात्र पुढे फ्लॅगांकडेच नेते. या निकषामुळे छपाईचे टेम्प्लेट पूर्णपणे रद्द झाले आणि त्याची जागा छपाई-माध्यमासाठीच्या सीएसएस नियमांनी घेतली. ‘पूर्ण रुंदी’ हा फ्लॅगही टेम्प्लेटचा विषय उरला नाही, कारण स्तंभांची रुंदी आणि क्रम सीएसएस ग्रिडमधून ठरवता येतो आणि २०१७ पासून प्रमुख ब्राउझर ती सोय देत आले आहेत. टेम्प्लेटमध्ये घटकांचा अर्थपूर्ण क्रम असावा, पडद्यावर ते कुठे बसतात हे ग्रिडने पाहावे, अशी ही वाटणी होती.

अखेरची रचना अशी ठरली. सर्वांत वर सांगाडा, ज्यात डॉक्टाइप, भाषेचा गुणधर्म, ‘हेड’, मजकुराकडे नेणारा थेट दुवा आणि जवळजवळ रिकामे ‘बॉडी’ एवढेच होते. शीर्षपट्टीसुद्धा सांगाड्यात ठेवली नाही, कारण ती सर्व मांडण्यांत सारखी असेल असे गृहीत धरणे हीच पूर्वीची वाट होती. त्याखाली चार मांडण्या: विषयपट्टीची खुली मांडणी, लेखवाचनाची एकस्तंभी मांडणी, सदस्य विभागाची मांडणी आणि फॉर्मसाठीची एकाग्र मांडणी. त्याखाली पाने. पानाने आपली मांडणी ‘एक्स्टेंड्स’ टॅगमध्ये नावाने सांगायची. व्ह्यूला मांडणीविषयी काहीही माहीत असू नये. हा नियम फ्रेमवर्कनुसार बदलतो. रेल्स या रूबीतील फ्रेमवर्कमध्ये मांडणीची निवड कंट्रोलरच्या बाजूने होते आणि कंट्रोलरच्याच नावाची मांडणी असेल तर ती आपोआप लागू होते. नेक्स्ट या जावास्क्रिप्ट फ्रेमवर्कच्या ॲप राउटरमध्ये फोल्डरांची उतरंडच मांडण्यांची उतरंड ठरते. जँगोमध्ये पान स्वतः वरच्या टेम्प्लेटकडे बोट दाखवते, आणि त्यामुळे एखादे पान कोणत्या मांडणीत आहे हे त्या फाइलची पहिली ओळ वाचून कळते. ही सोय फ्लॅगांनी हिरावून घेतली होती.

ब्लॉकची शिस्त

मांडणी आणि पान यांच्यामधला दुवा म्हणजे ब्लॉक. मांडणीत ज्या नावाचे ब्लॉक आहेत तेवढ्याच जागा पानाला भरता येतात. व्यवहारात मात्र ब्लॉक हवे तसे वाढतात. कुणाला ‘बॉडी’वर एक क्लास हवा असतो, कुणाला तळपट्टीआधी एक ओळ, आणि प्रत्येकासाठी एक नवा ब्लॉक उघडला जातो. जुन्या बेस टेम्प्लेटमधील काही ब्लॉक तर कोणतेच पान वापरत नव्हते. नव्या रचनेत ब्लॉकांची संख्या कमी ठेवली आणि प्रत्येकाचा हेतू मांडणीच्या फाइलीतच टिपणीरूपाने लिहिला.

सर्वाधिक चर्चा ब्लॉकच्या पूर्वनियोजित मजकुरावर झाली. जँगोत ब्लॉकच्या आत मूळ मजकूर ठेवता येतो. खालच्या टेम्प्लेटने तो ब्लॉक पुन्हा लिहिला की मूळ मजकूर नाहीसा होतो, आणि तो राखायचा असेल तर ‘ब्लॉक डॉट सुपर’ लिहून तो मागवून घ्यावा लागतो. जुन्या बेसमध्ये सामायिक सीएसएस फाइलींचे दुवे अशा ब्लॉकच्या आत होते. एखाद्या पानाने आपली एक जादा फाइल जोडण्यासाठी तो ब्लॉक लिहिला आणि ‘सुपर’ मागवायचे राहून गेले, तर पान सामायिक सीएसएसविना उघडे पडे. ‘सुपर’ विसरू नका असा नियम करणे हा यावरचा उपाय नव्हे. विसरण्याची जागाच राहणार नाही अशी रचना करणे हा उपाय आहे. म्हणून सामायिक दुवे ब्लॉकच्या बाहेर ठेवले आणि त्यांच्यानंतर एक रिकामा ब्लॉक दिला. रिकाम्या ब्लॉकमध्ये भर घालायला ‘सुपर’ लागत नाही. याच तत्त्वावर पानाच्या शीर्षकानंतर येणारे संकेतस्थळाचे नावही ब्लॉकबाहेर गेले. तीन थरांच्या वारशात ‘सुपर’ची साखळी वाचून अंतिम एचटीएमएल काय होईल याचा अंदाज बांधणे फार लवकर अवघड होते, हेही या निर्णयामागचे एक कारण होते.

शीर्षकाच्या बाबतीत आणखी एक पेच होता. तेच शीर्षक ‘टायटल’ घटकात हवे होते आणि समाजमाध्यमांसाठीच्या मेटा टॅगमध्येही. जँगोमध्ये एका टेम्प्लेटमध्ये एकाच नावाचे दोन ब्लॉक ठेवता येत नाहीत; तसे केल्यास टेम्प्लेट वाचतानाच त्रुटी येते, आणि ते तर्काला धरूनही आहे, कारण ब्लॉक ही वरून पाहिले तर रिकामी जागा असते आणि खालून पाहिले तर ती जागा भरणारा मजकूर असतो. एकाच नावाच्या दोन जागा असतील तर मजकूर नेमका कुठे जावा हे ठरणार नाही. जिंजा या दुसऱ्या टेम्प्लेट इंजिनमध्ये आधी लिहिलेला ब्लॉक दुसऱ्या जागी पुन्हा छापण्याची सोय आहे आणि जँगो १.८ पासून जिंजा इंजिन अधिकृतपणे वापरता येते, पण केवळ एवढ्यासाठी इंजिन बदलणे अवाजवी झाले असते. शीर्षक हे पानाच्या विषयातून येते, मांडणीतून नव्हे. तेव्हा ते व्ह्यूने कॉन्टेक्स्टमध्ये द्यावे आणि सांगाड्याने दोन्ही ठिकाणी छापावे असे ठरले. यात फ्लॅगांची पुनरावृत्ती होत नाही काय, अशी शंका घेतली गेली. फरक असा की शीर्षक ही माहिती आहे, मांडणीविषयीची आज्ञा नाही.

ब्लॉकचा सर्वांत धोकादायक गुणधर्म मात्र वेगळाच आहे. वारसा घेणाऱ्या टेम्प्लेटमध्ये ब्लॉकच्या बाहेर लिहिलेला मजकूर कुठेही उमटत नाही, आणि वरच्या टेम्प्लेटांत नसलेल्या नावाचा ब्लॉक लिहिला तर तोही निमूटपणे गाळला जातो. मांडणीतील ब्लॉकचे नाव बदलले आणि एका पानात जुने नाव राहून गेले, तर ते पान २०० ही (सारे ठीक असल्याची) स्थिती देत व्यवस्थित उघडते, शीर्षपट्टी आणि तळपट्टी दाखवते, आणि मधला मजकूर मात्र रिकामा असतो. केवळ स्थितीचा आकडा पाहणाऱ्या चाचण्यांना यात काहीच वावगे दिसत नाही. त्यासाठी एक छोटी चाचणी लिहिली गेली, जी प्रत्येक टेम्प्लेट उघडून, त्यातील वारशाची साखळी वर चढत जाऊन, पानातील प्रत्येक ब्लॉक वर कुठे तरी घोषित आहे ना हे पाहते. तिच्यात एक बारकावा सांभाळावा लागला: पानाने भरलेल्या ब्लॉकच्या आत स्वतःचा नवा ब्लॉक उघडणे पूर्णपणे वैध आहे, म्हणून तपासणी फक्त सर्वांत बाहेरच्या ब्लॉकांची करायची. ‘एक्स्टेंड्स’ला फाइलीच्या नावाऐवजी चल देता येते आणि तसे केल्यास ही साखळी चालवण्यापूर्वी कळू शकत नाही, म्हणून चल देण्यास मनाई केली. दुसऱ्याही काही सवयी या निमित्ताने तपासल्या गेल्या, जसे की वरच्या टेम्प्लेटमध्ये ‘लोड’ केलेली टॅगची लायब्ररी खालच्या टेम्प्लेटला मिळत नाही, ती तिथे पुन्हा लोड करावी लागते.

बाजूपट्टीचा डेटा

मांडणी वेगळी झाली तरी तिला लागणारी माहिती कुठून येते हा प्रश्न उरतोच. जुन्या रचनेत विषयांची यादी आणि प्रत्येक विषयातील लेखांची संख्या एका कॉन्टेक्स्ट प्रोसेसरमधून येत होती. कॉन्टेक्स्ट प्रोसेसर विनंतीसह उभ्या राहणाऱ्या प्रत्येक टेम्प्लेटसाठी चालतो, त्या पानावर बाजूपट्टी असो वा नसो. जँगोचा क्वेरीसेट (डेटाबेसकडे करायच्या विचारणेचे, म्हणजे क्वेरीचे, रूप) आळशी असतो, म्हणजे त्याचा प्रत्यक्ष वापर होईपर्यंत डेटाबेसकडे विचारणा जात नाही. पण या प्रोसेसरमध्ये तो लगेच यादीत बदलून संख्याही मोजल्या जात होत्या, त्यामुळे आळशीपणाचा फायदा मिळत नव्हता. परिणामी पासवर्ड बदलण्याच्या पानावरही विषययादीच्या क्वेरी होत होत्या.

नव्या रचनेत ही यादी एका इन्क्लुजन टॅगमध्ये गेली. इन्क्लुजन टॅग म्हणजे पायथनमधील एक फंक्शन, जे स्वतःपुरता कॉन्टेक्स्ट तयार करते आणि स्वतःचे छोटे टेम्प्लेट उभे करते. तो फक्त खुल्या मांडणीत लिहिला, त्यामुळे जिथे पट्टी आहे तिथेच क्वेरी होऊ लागली. टेम्प्लेटमधून डेटाबेसकडे जाणे काहींना तत्त्वतः अयोग्य वाटते आणि पानाच्या मुख्य मजकुरापुरती ती हरकत मला मान्य आहे; परंतु मांडणीचा स्वतःचा डेटा प्रत्येक व्ह्यूने आठवणीने पुरवावा ही अपेक्षा त्याहून वाईट आहे, कारण तिच्यामुळे व्ह्यू पुन्हा मांडणीला बांधले जातात.

याच ठिकाणी विभागणीच्या निकषाचा दुसरा लाभ दिसला. विषयपट्टी सर्वांना सारखी असल्याने तिच्याभोवती ‘कॅशे’ टॅग, म्हणजे तयार तुकडा पुन्हा वापरण्यासाठी साठवून ठेवणारा टॅग, लावता आला. जँगोचा हा टॅग तुकड्याचे नाव आणि त्यासोबत दिलेली चले एवढ्यावरूनच कॅशेची किल्ली बनवतो. आतल्या मजकुरात आणखी काय वापरले आहे याची तो दखल घेत नाही. जुन्या एकत्रित बाजूपट्टीवर हा टॅग लावला असता आणि सदस्याची ओळख चल म्हणून द्यायची राहिली असती, तर एका सदस्याचे दुवे दुसऱ्याला दिसले असते. दोन्ही पट्ट्या वेगळ्या झाल्याने एक निर्धास्तपणे साठवता येते आणि दुसरी साठवायचीच नाही, हे फाइलीवरूनच स्पष्ट होते.

लेखाच्या छोट्या कार्डासाठी, जे यादीत, शोधात आणि सदस्याच्या जतन केलेल्या लेखांत येत होते, साधा ‘इन्क्लूड’ ठेवला, पण ‘ओन्ली’ या शब्दासह. एरवी इन्क्लूड केलेल्या टेम्प्लेटला बाहेरचा सगळा कॉन्टेक्स्ट दिसतो आणि ते नकळत कोणत्याही चलावर विसंबू लागते. ‘ओन्ली’मुळे कार्डाला काय लागते ते प्रत्येक ठिकाणी लिहावे लागते. डिसेंबर २०२५ मधील जँगो ६.० पासून एकाच फाइलीत नाव असलेले तुकडे, म्हणजे पार्शल, लिहिता येतात. एकाच पानापुरत्या पुनरावृत्तीसाठी ते उपयुक्त आहेत, मात्र हे कार्ड अनेक पानांत जात असल्याने स्वतंत्र फाइलच योग्य होती.

स्थलांतर

सर्व पाने एका दमात बदलण्याचा विचार कुणीच केला नाही. जुने बेस टेम्प्लेट हटवण्याऐवजी त्याचे रूपांतर एका पातळ मध्यस्थात केले गेले: ते स्वतः नव्या खुल्या मांडणीवरून वारसा घेई, नव्या ब्लॉकच्या आत जुन्या नावाचा ब्लॉक उघडे आणि थांबे. अजून न बदललेली पाने जुनीच नावे वापरत राहिली आणि तरीही नव्या मांडणीत दिसू लागली. ब्लॉकच्या आत ब्लॉक ठेवता येतो या एका सोयीमुळे हे शक्य झाले, आणि संपूर्ण स्थलांतरात सर्वाधिक उपयोगी पडलेली युक्ती हीच होती. मध्यस्थाच्या आधारे राहिलेल्या पानांची यादी साध्या शोधाने मिळत असल्याने काम किती उरले हेही नेहमी समोर असे.

पहिली सुरुवात त्रुटीपानांपासून झाली. ५०० च्या पानाला कोणताही वारसा दिला नाही. ते पूर्णपणे स्वयंपूर्ण एचटीएमएल आहे, त्याचे थोडेसे सीएसएसही त्याच फाइलीत आहे, आणि त्यात बोधचिन्ह व मजकूर यांची जी पुनरुक्ती होते ती जाणूनबुजून स्वीकारली आहे. त्यानंतर फॉर्मची पाने एकाग्र मांडणीत गेली, म्हणजे मूळ मागणी इथेच पूर्ण झाली, आणि सदस्य विभाग सर्वांत शेवटी घेतला गेला.

प्रत्येक टप्प्यावर आधीचे आणि नंतरचे एचटीएमएल ताडून पाहिले गेले. ठरावीक चाचणी-डेटावर सर्व पत्ते उभे करून, रिकाम्या जागा एकसारख्या करून दोन्ही फाइलींची तुलना केली जाई. फॉर्मच्या पानांवर सुरुवातीला प्रत्येक वेळी फरक दिसे, कारण जँगो सीएसआरएफ टोकन (बनावट फॉर्म-विनंत्या रोखणारी गुप्त खूण) दर वेळी नव्या मुखवट्यात लपेटून देतो. तुलनेपूर्वी ते एका ठरावीक मजकुराने बदलावे लागले. त्यानंतर जे फरक उरले ते एक तर अपेक्षित होते, जसे सदस्य विभागात अवतरलेला मजकुराकडचा थेट दुवा, किंवा पूर्वी लपून राहिलेले दोष होते. खुल्या पानांवर एका अटीमुळे दोन ‘मेन’ घटक उमटत होते, हे अशाच तुलनेत दिसले.

मागे राहिलेले

पाचांपैकी चार फ्लॅग गेले. छपाई आणि पूर्ण रुंदी हे दोन सीएसएसमध्ये विरले, सदस्य विभाग आणि बाजूपट्टी हे दोन मांडणीच्या निवडीत सामावले. घोषणापट्टीचा फ्लॅग मात्र नव्या रूपात टिकून आहे. घोषणा कधी दाखवायची हे ना पानावर अवलंबून आहे ना मांडणीवर. देखभालीची वेळ जाहीर करायची असेल तेव्हा ती सर्वत्र दिसली पाहिजे आणि एरवी कुठेही नाही. तिचे बदलण्याचे कारण संकेतस्थळाच्या कामकाजात असल्याने तिची माहिती कॉन्टेक्स्ट प्रोसेसरमधूनच येते, मात्र आता क्वेरी न करता कॅशेतून, आणि तिची जागा सांगाड्यात आहे. व्ह्यूने ती चालू किंवा बंद करण्याची सोय काढून टाकली आहे.

ईमेलची टेम्प्लेटे या कामात घेतली नाहीत. ती पूर्वी संकेतस्थळाच्या बेसवरून वारसा घेत नव्हती आणि आताही घेत नाहीत. अनेक ईमेल प्रोग्राम ग्रिड आणि बाहेरून जोडलेले सीएसएस नीट हाताळत नसल्याने त्यांची मांडणी वेगळ्याच बंधनांनी ठरते. एकाग्र मांडणीत मात्र अलीकडे एक नवी मागणी आली आहे: नोंदणीच्या पायऱ्या दाखवणारी पट्टी, जी प्रवेशाच्या पानावर नको. ती मांडणीत अट म्हणून न घालता नोंदणीच्या पानांसाठी एकाग्र मांडणीखाली आणखी एक पातळ थर करून दिली आहे, आणि मांडणीच्या फाइलीला हात लावावा लागलेला नाही.